टीव्ही ओळखतो तरी कोणाला?

प्रश्न : आम्ही ढाणकीला राहतो. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. दोन दिवाळ्यांपूर्वी त्यानं घरी टीव्ही घेऊन दिला, वायफाय जोडून दिलं आणि दोन-तीन ॲपही लावून दिले. घरच्यांच्या मालिका, माझं क्रिकेट, सगळं नीट चाललं होतं. मागच्या महिन्यात वादळ झालं, रात्रभर लाईन गेली. सकाळी टीव्ही लावला तर ॲप म्हणतं, मोबाईल नंबर टाका. माझा नंबर टाकला, ओटीपी आला, आत गेलो. मालिका लावली तर आता पैसे भरा म्हणतं. त्याच ॲपची वर्गणी मला रिचार्जसोबत मिळालेली आहे, माझ्या मोबाईलवर ते चालतंही. मग मुलाचा नंबर टाकून पाहिला, तर ओटीपी त्याच्या जुन्या नंबरवर जातो आणि तो नंबर त्यानं केव्हाच सोडला. गावात एक जण म्हणतो टीव्ही रिसेट मारा, दुसरा म्हणतो पासवर्ड चुकतोय. पण पासवर्ड तर कोणी विचारतच नाही. पूर्वी अँटेना फिरवला की चित्र यायचं, कोण बघतंय म्हणून कोणी विचारत नव्हतं. आता टीव्ही माझा, घर माझं, पैसे भरलेले, तरी आत घेत नाही. हा टीव्ही नेमकं ओळखतो तरी कोणाला?
– एक वाचक, ढाणकी (ता. उमरखेड, जि. यवतमाळ)

उत्तर : तुमच्या टीव्हीनं तुम्हाला कधी ओळखलंच नव्हतं. मुलालाही नाही. तो फक्त एक पास सांभाळून होता आणि तो पास आता बाद झाला आहे.

अँटेनाची आठवण तुम्ही काढलीत ते बरं केलंत, कारण सगळा फरक तिथूनच सुरू होतो. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं टीव्ही म्हणजे मनोऱ्यावरून सगळ्यांसाठी एकदाच सोडलेल्या लहरी. त्या कोण पकडतो, किती घरांत पकडतात, हे मनोऱ्याला कळायला मार्गच नव्हता. पुढे छपरांवर छत्र्या आल्या, तेव्हा ओळख आली ती टीव्हीजवळच्या डब्याची. डब्यातल्या कार्डावर रिचार्ज असला की चित्र, संपला की अंधार. डबा ज्याच्या घरात, टीव्ही त्याचा. इंटरनेटवरचा टीव्ही या दोन्हींपेक्षा वेगळा. तुम्ही मालिकेवर बटण दाबता तेव्हा तुमचा टीव्ही कंपनीच्या सर्व्हरकडे त्या भागाचे छोटे छोटे तुकडे मागतो आणि ते तुकडे केवळ तुमच्या टीव्हीसाठी निघतात. शेजारी तीच मालिका लागली असली, तरी तिथली मागणी वेगळी आणि पाठवणी वेगळी. प्रत्येक मागणी स्वतंत्र असल्यामुळे प्रत्येक वेळी विचारणं आलंच : कोणत्या खात्यावर मागताय आणि त्या खात्यावर वर्गणी आहे का?

हे दर मालिकेला ओटीपी मागून करायचं म्हटलं, तर कोणी टीव्हीसमोर बसणार नाही. म्हणून पहिल्यांदा लॉगिन झालं की सर्व्हर टीव्हीला अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ देतो. तिला टोकन म्हणतात. एसटीच्या मासिक पासासारखंच हे. कंडक्टर रोज तुमची चौकशी करत नाही, पास बघतो. पासाला मुदत असते, आणि आगारानंच रद्द केला तर खिशात असूनही तो चालत नाही. टीव्ही ही ओळ आपल्या मेमरीत ठेवतो आणि प्रत्येक मागणीबरोबर गुपचूप दाखवतो. दोन वर्षं तुम्हाला कोणी काही विचारलं नाही ते या पासामुळे.

ही मेमरी लाईन गेल्यानं पुसली जात नाही. तसं असतं तर आपल्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक घरात रोज लॉगिन करावं लागलं असतं. टीव्हीकडचा पास जातो तो ॲपचा डेटा पुसला, ॲप काढून पुन्हा टाकलं किंवा टीव्ही रिसेट केला तर. पण पुष्कळदा तो पलीकडूनच रद्द होतो. कोणी खात्याचा पासवर्ड बदलतं, कोणी ‘सर्व उपकरणांमधून बाहेर पडा’ हे बटण दाबतं, ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त टीव्ही-मोबाईल एका खात्याला जोडले जातात, नाहीतर पासाची मुदतच संपते. रद्द झाल्याचं टीव्हीला त्याच क्षणी कळेलच असं नाही. ॲप नव्यानं उघडून सर्व्हरशी बोलणं झालं की कळतं. रात्रभर लाईन नसल्यामुळे तुमचा टीव्ही पूर्ण बंद पडला, सकाळी सगळं पहिल्यापासून सुरू झालं आणि त्या वेळी बाद पास उघडा पडला, असं दिसतं. वादळ फक्त निमित्त झालं.

तुमच्या पत्रातच तीन संशयित निर्दोष सुटले आहेत. तुमच्या नंबरवर ओटीपी आला आणि तुम्ही आत गेलात. म्हणजे वायफाय ठीक आहे, टीव्ही ठीक आहे, ॲपही ठीक आहे. बिघाड यंत्रात नाही, खात्यात आहे. म्हणून रिसेटचा सल्ला अजिबात ऐकू नका. रिसेट मारला तर आज जे दुसरे ॲप चालू आहेत त्यांचेही पास पुसले जातील आणि एकाच्या जागी तीन ठिकाणी ‘नंबर टाका’ सुरू होईल. टीव्ही अडला की आधी रिसेट, ही सवय गावोगावी झाली आहे आणि तिनं फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होतं.

आता मुख्य गाठ. ज्या ॲपमध्ये पासवर्ड नसतो, नुसता ओटीपी असतो, तिथे मोबाईल नंबर हेच खातं. तुमचा नंबर टाकला की सर्व्हरनं तुमच्या नावावरचं खातं उघडलं. मुलाची वर्गणी त्याच्या नंबरच्या खात्यात. ही दोन खाती बाप-लेकाची आहेत, एकाच टीव्हीवर बघितली जातात, याचा सर्व्हरला पत्ता नाही. म्हणून तुम्ही बरोबर लॉगिन केलंत आणि तरी दारातच राहिलात.

तुमच्याही खात्यात वर्गणी आहेच की, मग ती टीव्हीवर का नाही? कारण ती बहुधा फक्त मोबाईलपुरती आहे. नेटफ्लिक्सनं २०१९ मध्ये भारतात निव्वळ फोन आणि टॅबलेटसाठी स्वस्त प्लॅन काढला आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो महिना १४९ रुपयांवर आणला. तो टीव्हीवर चालत नाही. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा आणि डिझ्नी प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं, तेव्हाही सुरुवातीचा सगळ्यात स्वस्त प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपयांचा होता, एका वेळी एका मोबाईलवर. रिचार्जसोबत जी वर्गणी ‘फुकट’ मिळते ती पुष्कळदा याच जातीची असते. रिचार्जच्या पानावर खाली बारीक अक्षरात ‘मोबाईल’ हा शब्द असतो, तो बघूनच रिचार्ज करावं. अशा वेळी पडद्यावर ‘प्लॅन वाढवा’ किंवा ‘पैसे भरा’ असं येतं. तो लॉगिनचा दोष नव्हे. टीव्ही चालणारा प्लॅन घेतलात की तुमच्याच नंबरवर तुमचाच टीव्ही लगेच सुरू होईल.

आता मुलाच्या जुन्या नंबरचं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या देशात बंद झालेला मोबाईल नंबर किमान ९० दिवस कोणालाही देता येत नाही. पण त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणजे आज तुम्ही मुलाचा जुना नंबर टाकता तेव्हा ओटीपी हवेत विरत नाही. कदाचित कुठल्या तरी परक्या माणसाच्या फोनवर जाऊन पडतो. त्यानं उद्या तेच ॲप उघडून आपला म्हणून तो नंबर टाकला, तर त्याला तुमच्या मुलाचं खातं आयतं मिळेल. तुमचा पास बाद होण्याचं हेही एक कारण असू शकतं. मालिकांच्या ॲपचं नुकसान फार तर थोड्या पैशांचं. पण त्याच जुन्या नंबरवर बँक, गॅस, आधार काही राहिलं असेल तर ते आजच्या आज बदलून घ्यायला मुलाला सांगा. नंबर सोडायच्या आधी तो कुठे कुठे दिला आहे याची यादी करून प्रत्येक ठिकाणी नवा नंबर लावायचा आणि मगच सिम सोडायचं, हा क्रम कधी उलटा होऊ देऊ नये.

तरीही मार्ग आहे. मुलाच्या फोनमध्ये ते ॲप अजून उघडतंय का ते आधी विचारा. उघडत असेल तर त्याच्या फोनकडचा पास जिवंत आहे आणि तेवढ्यावर काम होईल. टीव्हीवर लॉगिनच्या पानावर नंबर टाकण्याऐवजी ‘कोडनं लॉगिन करा’ किंवा क्यूआर कोड असा पर्याय शोधा. तो निवडला की पडद्यावर सहा-आठ अक्षरांचा एक मोठा कोड येतो. इथे टीव्ही काय करतो ते बघण्यासारखं आहे. तो सर्व्हरला म्हणतो, ‘मला रिमोटवर टाइप करणं जड जातं, माझी ओळख कोणीतरी फोनवरून पटवेल, तोवर हा कोड माझा.’ मग दर काही सेकंदांनी तो विचारत राहतो, पटली का, पटली का. मुलानं पुण्यात बसून आपल्या फोनवरच्या ॲपमध्ये, टीव्ही जोडण्याच्या पानावर, तो कोड टाकला आणि ‘होय’ म्हटलं की पुढच्या विचारणीला सर्व्हर टीव्हीला नवा पास देतो. ढाणकीतल्या पडद्यावर आपोआप मालिकांची चित्रं येतात. जुन्या नंबरवरचा ओटीपी लागतच नाही. कोड काही मिनिटांत शिळा होतो, म्हणून आधी फोन लावा, मुलाला ते पान उघडून बसू द्या आणि मगच टीव्हीवर कोड काढा. एकेक अक्षर सावकाश वाचून दाखवा. ‘बी’ आणि ‘डी’ फोनवर सारखेच ऐकू येतात, तेव्हा ‘बाबामधला बी’ असं सांगितलेलं बरं. ही पद्धत एखाद्या कंपनीची खासगी युक्ती नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिचं जागतिक मानक ठरलं आणि बहुतेक टीव्ही-ॲप तीच किंवा तिच्यासारखी पद्धत वापरतात.

मात्र एक सांगून ठेवतो. कोणी अनोळखी माणसानं फोन करून ‘हा कोड तुमच्या ॲपमध्ये टाका’ म्हटलं, तर टाकू नका. तो कोड त्याच्या टीव्हीचा असेल आणि पास त्याला मिळेल.

टीव्ही सुरू झाला की मुलानं त्याच बैठकीत खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन नवा नंबर आणि ई-मेल लावून टाकावा. काही ॲप नंबर बदलताना जुन्या नंबरवरच ओटीपी मागतात. तिथे ई-मेल आधीपासून जोडलेला असेल तर त्यावरून पुढे जाता येतं. तोही नसेल तर ॲपमधल्या ‘मदत’ या पानावरून कंपनीला लिहायचं आणि वर्गणी भरल्याची तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक द्यायचा. पैसे कोणी भरले हा मालकीचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो, म्हणून वर्गणीच्या पावतीचा मेसेज पुसू नये.

इतकं करूनही पुण्याच्या खात्यावर ढाणकीचा टीव्ही कायमचा चालवणं पुढे अवघड होत जाणार. नेटफ्लिक्सनं २० जुलै २०२३ पासून भारतात सांगितलं की एक खातं एका घरापुरतं. टीव्ही ज्या इंटरनेट जोडणीवर चालतो त्यावरून नेटफ्लिक्स घर ठरवतं. वेगळ्या घरातल्या टीव्हीवर ते मधूनच अडवतं आणि तात्पुरता कोड खातेदाराच्या ई-मेलवर किंवा फोनवर पाठवतं. तो १५ मिनिटांच्या आत वापरावा लागतो. मुलगा त्या वेळी कामात असेल तर घरचे ताटकळत बसतात. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओनं जानेवारी २०२५ पासून भारतात एका खात्याला पाच उपकरणं आणि त्यांत जास्तीत जास्त दोन टीव्ही अशी मर्यादा घातली. पुण्यात मुलाच्या खोलीत एक टीव्ही, ढाणकीत एक, आणि सासुरवाडीला तिसरा जोडला की कोणीतरी एक बाहेर. तिथे जुना टीव्ही यादीतून काढावा लागतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात टीव्ही, त्या घरातल्या माणसाच्या नंबरवर खातं. पैसे मुलानं पुण्याहून भरले तरी हरकत नाही, पण ओटीपी ढाणकीत यायला हवा. आपल्याकडे मुलं पुण्या-मुंबईला, नाहीतर नांदेड-संभाजीनगरला जातात. सगळी खाती त्यांच्या फोनवर असतात आणि म्हातारी माणसं दर अडचणीला त्यांच्या सुट्टीची वाट बघतात. टीव्हीपुरतं तरी हे बदलता येण्यासारखं आहे. कॅलेंडरच्या मागे किंवा टीव्हीच्या पाठीवर एक कागद चिकटवा : कोणतं ॲप, कोणत्या नंबरवर, वर्गणी कधी संपते. पासवर्ड त्यावर लिहू नका.

प्रश्न : ओटीपी येतच नाही. चार-पाच वेळा ‘पुन्हा पाठवा’ दाबलं, मग एकदम तीन आले आणि एकही चालला नाही. हे का? आईकडे साधा बटणांचा फोन आहे, तिच्या नंबरवर खातं चालेल का?

उत्तर : बहुतेक ॲपमध्ये नवा ओटीपी निघाला की आधीचा रद्द होतो. तुम्ही चार-पाच वेळा दाबलंत, उशिरा तीनच आले; खरा तो सगळ्यांत शेवटी निघालेला आणि तो कदाचित पोचलाच नाही. पोचला असला तरी मेसेज पोचण्याचा क्रम निघण्याच्या क्रमाशी जुळेलच असं नाही, त्यामुळे सगळ्यात वर दिसणारा तोच असेल याची खात्री नसते. शिवाय वारंवार मागितल्यावर ॲप काही वेळ दारच बंद करतं. एकदा दाबायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. रेंज कच्ची असेल तर फोन घेऊन अंगणात जायचं. नाहीच आला तर अर्धा तास विषय सोडून द्यायचा आणि मग एकदाच पुन्हा दाबायचं. यानं बहुतेक काम होतं.

तरी येत नसेल तर मेसेजमधला ‘स्पॅम’ किंवा ‘ब्लॉक’ कप्पा उघडून बघा. कंपन्यांचे मेसेज तिथे जाऊन पडतात. फोनमध्ये दोन सिम असतील तर खातं दुसऱ्याच सिमवर आहे असंही होतं. नुकतंच सिम बदललं असेल, हरवलं म्हणून त्याच नंबरचं नवं घेतलं असेल, तर पहिले २४ तास मेसेज बंद असतात. फसवणूक टाळण्यासाठी दूरसंचार खात्यानं घातलेला हा नियम आहे आणि चांगला आहे. एक दिवस थांबा. रिचार्ज संपून बरेच दिवस झाले असतील तर येणारे मेसेजही थांबतात. जाहिराती नकोत म्हणून ‘डीएनडी’ लावलं असेल तर त्याचा ओटीपीशी संबंध नाही.

आईच्या साध्या फोनवर खातं अगदी छान चालतं. ओटीपी हा साधा मेसेज आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. उलट तो फोन कायम घरात असतो, बॅटरी टिकते आणि त्यात कोणी नको ते ॲप टाकू शकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं मोबाईल कंपन्यांना फक्त बोलणं आणि मेसेज एवढ्यासाठीचे वेगळे रिचार्ज ठेवायला सांगितले, त्यांची मुदत वर्षभरापर्यंत असू शकते. असा एक रिचार्ज आईच्या नंबरवर मारला की तो नंबर जिवंत राहील. ओटीपीचा मेसेज कसा उघडायचा आणि कोणालाही फोनवर तो का सांगायचा नाही, एवढं तिला शिकवा.

प्रश्न : आमचा टीव्ही जुना आहे. लॉगिनचं पानच येत नाही, ‘नेटवर्कमध्ये अडचण’ म्हणतो. त्याच वायफायवर मोबाईल मात्र व्यवस्थित चालतो.

उत्तर : आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख बघा. तिथे २०१५ किंवा १९७० दिसलं, तर रोग तिथेच आहे. ॲप सर्व्हरशी बोलण्याआधी सर्व्हर खरा की तोतया हे तपासतं, त्यासाठी सर्व्हर एक प्रमाणपत्र दाखवतो. त्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं असतं. टीव्हीच्या घड्याळाप्रमाणे आज १९७० असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून जन्मलेलंच नसतं. तो ते नाकारतो आणि पडद्यावर मात्र ‘नेटवर्क’ म्हणतो. वारंवार लाईन जाणाऱ्या भागात जुन्या टीव्हींना हे होतं. तारीख-वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करा, नसेल तर हातानं लावा आणि टीव्ही एकदा भिंतीवरच्या बटणापासून बंद करून पुन्हा लावा.

तारीख बरोबर असूनही हेच होत असेल, तर टीव्हीच्या आतली प्रमाणपत्रांची यादी जुनी झाली असणार. ३० सप्टेंबर २०२१ रोजी जगभर वापरात असलेलं एक मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं, आणि ज्या यंत्रांना कंपनीकडून नवी यादी मिळाली नव्हती ती पुष्कळ ठिकाणी अडली. त्याआधी डिसेंबर २०१९ पासून काही जुन्या टीव्हींवर नेटफ्लिक्सही बंद झालं होतं. अशा टीव्हीचा पडदा चांगला असेल तर तो विकू नका. मागे एचडीएमआयचं भोक असेलच. त्यात बसणारी एक टीव्ही स्टिक घ्या. टीव्ही नुसता पडदा म्हणून राहील आणि लॉगिनचं सगळं काम स्टिक करेल.

प्रश्न : मदतीसाठी गुगलवर कंपनीचा नंबर शोधला. ज्यानं उचलला त्यानं एक ॲप टाकायला सांगितलं आणि खातं चालू करायला १० रुपये भरा म्हणाला. मी फोन ठेवला. बरोबर केलं का?

उत्तर : अगदी बरोबर केलंत आणि घरात सगळ्यांना हे सांगा. गुगलवर कंपनीच्या नावाशेजारी भलत्याच माणसाचा नंबर लावून ठेवणं हा फसवणुकीचा जुना धंदा आहे. तो टाकायला सांगतो ते ॲप तुमचा पडदा त्याला दाखवणारं असतं. एनीडेस्क या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. एनीडेस्क स्वतः वाईट ॲप नाही, संगणक दुरुस्त करणारे लोक ते रोज वापरतात. पण त्यातून परक्या माणसाला तुमचा फोन दिसू लागला की ‘१० रुपये’ भरताना टाकलेला पिन आणि बँकेचा ओटीपी दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर येतात. १० रुपयांत त्याला रस नसतोच.

मदत हवी असेल तर ॲपच्या आतलं ‘मदत’ पान, नाहीतर वर्गणीच्या पावतीवरचा पत्ता. यापलीकडचा कोणताही नंबर खोटा समजा. बाजारात कोणी महिन्याला थोडक्या पैशांत ‘प्रीमियम’चं लॉगिन देत असेल तर तेही घेऊ नका. एकच खातं तो पन्नास जणांना विकतो, आठवड्यात उपकरणांची मर्यादा भरते, आणि मग तुम्ही बाहेर. तक्रार करायला तुमच्या नावावर खातंच नसतं. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. ही देशभरासाठीची सायबर मदतवाहिनी आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवले जाण्याआधी ते अडवता येतात, म्हणून पहिले काही तास फार मोलाचे. जवळच्या पोलीस ठाण्यात मग जा, आधी फोन.

प्रश्न : खातं उघडत नाही, नंबर गेला, ॲपही काढून टाकलं. तरी दर महिन्याला पैसे कापले जातात. खात्यात जाताच येत नाही तर बंद कसं करायचं?

उत्तर : खात्यात जायची गरजच नाही. पैसे कापण्याची परवानगी तुम्ही दिली होती ती ॲपमध्ये नव्हे, तुमच्या बँकेत किंवा यूपीआयमध्ये नोंदलेली आहे. ॲप काढून टाकलं म्हणून ती रद्द होत नाही. यूपीआयवर अशी ‘ऑटोपे’ची सोय जुलै २०२० मध्ये आली. तुम्ही जे यूपीआय ॲप वापरता, फोनपे, गुगल पे, भीम, कोणतंही असो, त्यात ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाचं पान असतं. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते. हवी ती निवडा, रद्द करा, पिन टाका. काम झालं. कार्डावरून कापले जात असतील तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन ‘ई-मँडेट’ रद्द करायला सांगा. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना मिळाली पाहिजे. तो मेसेज वाचत चला. त्यात किती पैसे, कोणाला, कधी हे लिहिलेलं असतं आणि रद्द करण्याचा मार्गही असतो. वर्गणी प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर ती तिथल्या ‘सबस्क्रिप्शन’ यादीतून रद्द होते, यूपीआयच्या यादीत ती गुगलच्या नावानं दिसेल.

आधी कापले गेलेले पैसे परवानगी रद्द केल्यानं परत येत नाहीत. त्यासाठी कंपनीच्या मदत पानावर व्यवहार क्रमांकांसह लिहावं लागतं. वापर झालाच नाही हे त्यांच्या नोंदीत दिसत असेल तर मागून बघायला हरकत नाही. पण परवानगी आज रद्द करा, पत्रव्यवहार उद्या.